भाषेला विटाळ कसला?

“तुमच्या मुलाची भाषा अशुद्ध आहे,” असें ज्या बापास शाळेंत ऐकून घ्यावें लागतें, तो बहुधा नांगरामागचा नाहीं तर ऐरणीपुढचा असतो. वकिलाच्या किंवा अंमलदाराच्या पोराच्या तोंडीं निम्मे शब्द इंग्रजी असले तरी त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाहीं. उलट तें हुशारीचें लक्षण ठरतें. हा न्याय कोठला? आम्ही स्वतः खडू-पाटीवर पोट भरणारे असल्यामुळें या प्रश्नाचा विचार आम्हांस टाळतां येत नाहीं, आणि आमच्या वाचकांनींही तो टाळूं नये.

दोन भाषा एकमेकींजवळ आल्या कीं एकीचें दुसरीला लागतें, हें उघड आहे. परंतु लागण्याचे प्रकार दोन आहेत. एक शब्दांचा, आणि दुसरा वळणाचा. पहिला सर्वांना दिसतो. दुसऱ्याकडे बहुतेकांचें लक्षच जात नाहीं.

शब्दांचेंच आधीं पाहूं. जमीन, रयत, मालक, मजूर, वसूल, हक्क, अर्ज, कागद, बाजार, तराजू हे सारे शब्द फारसी-अरबींतून आले. ते कचेरींतून आणि पेठेंतून आले, कारण राज्य त्या भाषेंत चालत होतें. शिवछत्रपतींनीं स्वराज्याचा कारभार आपल्या वाणींत चालावा म्हणून रघुनाथपंत हणमंते यांच्या हातून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यांतील हेतु थोर होता. ज्याच्या राज्यांत त्याचीच भाषा परकी, त्याचें राज्य तें काय! पण गंमत पाहा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं ‘पेशवा’ जाऊन ‘मुख्य प्रधान’ आला, आणि पुढच्या शतकांत त्याच पदावरच्या घराण्यास सारें जग पेशवे म्हणूनच ओळखूं लागलें. कोश दरबारीं राहिला. रयतेनें वसूलही भरला आणि ‘वसूल’ हा शब्दही ठेवला.

पोर्तुगीजांकडून बटाटा, पाव, काजू, चावी, पगार, घमेलें आलें. गवंड्यांच्या टोळीवरचा मेस्त्रीही त्यांच्याच भाषेंतून आला. वाहतूक एकाच बाजूची होती असेंही नाहीं. आमचें मुंगूस इंग्रजांनीं आपल्या भाषेंत नेलें. आज ट्रॅक्टर, मोटार, पंप, बेरिंग यांचें तेंच चाललें आहे. पण हे पाहुणे आले कीं मराठी त्यांना लगेच आपल्या घरची शिस्त लावते. ट्रॅक्टर ‘तो’, मोटार ‘ती’, टेबल ‘तें’, हें कोणत्या इंग्रजानें ठरविलें? कोणींच नाहीं. ‘मोटारींत’, ‘टेबलावर’, ‘बसनें’ अशीं शेपटें आमच्या बायाबापड्यांनीं लावलीं, तींही व्याकरणाचें पुस्तक न उघडतां. शब्द परका, चाल मराठी. यांत भाषेचें कांहीं बिघडत नाहीं.

वळणाची गोष्ट निराळी. ती समजण्यास सांगली जिल्ह्यांतील एका गांवाकडे पाहावें. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत तें ‘कुपवार’ या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन या दोन संशोधकांनीं १९७१ सालीं त्यावर लेख प्रसिद्ध केला. सरहद्दीनजीकचें गांव, वस्ती त्या वेळीं तीन हजारांच्या आसपास. जैन व लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, अस्पृश्य मानलेल्या व इतर कांहीं घरांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या थोड्या घरांत तेलुगु. पुरुषमाणसें दोन-तीन भाषा सहज बोलत. रोज एकाच शिवारांत, एकाच बाजारांत काम. असें कित्येक पिढ्या चाललें.

या संशोधकांस आढळलें तें असें. प्रत्येक घराचे शब्द निराळे राहिले, पण वाक्यांचें वळण एक झालें. ‘गवत कापून घेऊन आलो’ यासारखें वाक्य घेतलें, तर मराठीचा शब्द काढून तेथें उर्दूचा बसवा, उर्दूचा काढून कानडीचा बसवा. शब्दांची रांग तीच, जोड तोच. चार भाषांचीं दोन कुळें, पण उभें राहायला सांचा एक. कानडींत पुरुष तो पुल्लिंगी, बाई ती स्त्रीलिंगी आणि बाकी सर्व नपुंसक. त्या शेजारानें गांवच्या मराठींतही पुराच्या वेळीं ‘तिथं नदी आलं’ असें लोक बोलूं लागले. आम्हां मास्तरांची लाल पेन्सिल अशा ‘आलं’वर तत्काळ चालते. परंतु ती ‘चूक’ एका पोराची नव्हे. कानडी आणि मराठी घरें पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर राबलीं, त्याची ती खूण आहे.

यावरून आमचें म्हणणें वाचकांच्या ध्यानांत येईल. शब्द दरबारांतून येऊं शकतात. त्यासाठीं दोन माणसांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याचीही गरज नाहीं, हुकूम पुरतो. वळण मात्र शेजारांतूनच येतें. तें आणण्यास लेंकराबाळांसह शेजारीं राहावें लागतें आणि दुसऱ्याची भाषा खरोखर बोलावी लागते.

मग त्या गांवीं चार भाषांची एकच भाषा कां झाली नाहीं? कारण घरची भाषा ही तेथें जातीची ओळख होती. चुलीपाशीं जी भाषा, ती बाहेरच्यानें बोलावी अशी अपेक्षाच नव्हती. चव्हाट्यावर मराठी चाले. गांवच्या मोठ्या जमीनदारांची ती घरची भाषा नसल्यामुळें तींत कोणाचाच वरचष्मा नव्हता. म्हणजे रोटीबेटीची भिंत शब्दांना अडवूं शकली, वळणाला नाहीं. कामानें तें पलीकडे गेलेंच.

कोणी म्हणेल, ही सरहद्दीवरची मिसळ. आमची पुस्तकी मराठी सोंवळी आहे. तसें नाहीं. ‘पाऊस येईल म्हणून लवकर निघालो’ यांतील ‘म्हणून’ पाहा. ‘म्हणणें’ या क्रियापदाकडून असें काम करून घेण्याची रीत कानडी-तेलुगूची आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद पाहा; ऐकणाऱ्याला वगळलें तर आम्ही, धरलें तर आपण. असाच भेद तेलुगूंत व तमिळांत आहे, आणि तो दक्षिणेच्या शेजारानें आला असें अनेक अभ्यासक मानतात. संपादकाचें हें ‘आम्ही’सुद्धां, म्हणजे, त्याच शेजाराचें देणें! अण्णा, अक्का, तूप यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि नांगर? त्याचें संस्कृत रूप ‘लाङ्गल’ ऋग्वेदांत येतें. परंतु तो शब्द मुळांत आर्यभाषेचा नव्हे, या भूमींत आधींपासून शेती करणाऱ्या लोकांकडून तो घेतला, असें पुष्कळ भाषापंडितांचें मत आहे. वेदांनींही नांगराचा शब्द नांगरवाल्यांकडून घेतला असेल, तर कुणब्याच्या पोरानें भाषेसाठीं मान खालीं कां घालावी?

लिहिण्याची एक सर्वमान्य मराठी मुलांस आलीच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाहीं. अर्ज, परीक्षा, नोकरी हें सारें तिच्यावर अवलंबून आहे, आणि गरिबाच्या पोराला ती न शिकविणें हा त्याच्यावर अन्याय होईल. पण ‘पुस्तकांत असें लिहितात’ असें सांगणें वेगळें आणि ‘तुझ्या आईची बोली घाण’ असें सांगणें वेगळें. दुसऱ्यानें पोर मुकें होतें. वर्गांत शेवटच्या रांगेंत जाऊन बसतें आणि एक दिवस यायचेंच बंद होतें.

संशोधनाच्या बाबतींतही तीच दृष्टि हवी. ग्रियर्सनसाहेबांनीं भाषांच्या पाहणीचा मराठी खंड १९०५ सालीं काढला. काम मोठें, परंतु नमुने आले ते बव्हंशीं सरकारी अंमलदारांच्या हातून, आणि ठरलेला मजकूर होता बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट. त्यांत मोटेचा नाडा कोठून येणार, कुंभाराचा आवा कोठून येणार? कुपवारचे निष्कर्षही वज्रलेप नव्हेत. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनीं चाळीस वर्षांनंतरच्या तेथील परिस्थितीवरून त्यांची फेरतपासणी करून २०१६ सालीं लेख प्रसिद्ध केला. असेंच व्हावें. १९६० सालीं राज्य मराठीचें झालें, शाळा आल्या. गांवचें बोलणें एका जागीं थांबत नाहीं.

पुण्याचें डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनीं मराठीच्या बोलींचें सर्वेक्षण हातीं घेऊन गांवोगांवचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आहे. असे लोक आपल्या गांवीं आले, तर आमची वाचकांस विनंती आहे कीं त्यांस ओटीवर बसवून, चहा पाजून, गांवांतल्या शिकलेल्या माणसाशीं गांठ घालून परत पाठवूं नये. सुताराच्या कामठ्यावर न्यावें, बांधावर न्यावें. सरहद्दीचें गांव असेल, आणि माहेर कानडी, सासर मराठी अशी एखादी म्हातारी असेल, तर प्रथम तिच्याकडे न्यावें आणि मध्यें कोणीं तिचें बोलणें सुधारूं नये.