वादळ एका दिवसाचे, बंद लाइन कायमची

साथींनो, मोर्चा-अधिवेशनासाठी कोलकात्याला जाऊन आलेल्यांना एस्प्लनेड ठाऊक आहे. तिथले लोक त्याला धर्मतला म्हणतात. २७ मार्च १९०२ रोजी विजेवरची पहिली ट्राम इथूनच खिदिरपूरला गेली. २० मे २०२० रोजी अम्फान वादळ आले, मैदानातली झाडे ट्रामच्या तारांवर कोसळली आणि टाळेबंदीत थांबलेली ही लाइन पुन्हा सुरू झालीच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की, ट्रामने रस्त्यात कोंडी होते म्हणून ती बंद करू. एस्प्लनेड ते मैदान एवढा तुकडा वारसा म्हणून ठेवू. म्हणजे मजुराने ट्रामने कामावर जायचे नाही, पाहुण्यांनी मात्र फेरफटका मारायचा!

झाडे वादळाने पाडली, हे कबूल. पण तारा पुन्हा ओढायच्या नाहीत हे वादळाने ठरवले नाही. ते कचेरीत बसून ठरले आणि खापर फुटले निसर्गावर.

मनात आणले तर काय होते, हे रेल्वे कामगाराने दाखवले आहे. डिसेंबर १९६४ च्या वादळाने पांबनचा पूल मोडला. दुरुस्तीला मंत्रालयाने सहा महिने दिले होते; ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली कामगारांनी तो ४६ दिवसांत उभा केला. त्याच वादळात धनुष्कोडीची लाइन गेली, ती गेलीच. जिथे समुद्राने गावच गिळले तिथे आमचा हट्ट नाही. पण एस्प्लनेडला समुद्र आलेला नव्हता.

आपल्या माथेरानचे घ्या. २०१९ च्या पावसात घाटातला रूळ वाहून गेला आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. जिथे मोटारीला बंदी, त्या गावाने तीन वर्षे कशी काढली असतील? तरी गाडी आली, कारण लोकांनी ती सोडून दिली नाही.

म्हणून शाखांना आमचे सांगणे आहे: पूर ओसरला की आपल्या सेक्शनमध्ये कोणती गाडी 'तात्पुरती' रद्द झाली, कोणते टपाल कार्यालय 'तात्पुरते' हलवले, तिथली माणसे कुठे पाठवली, हे तारखेसह लिहून ठेवा. दुरुस्ती कधी होणार, हे प्रशासनाकडून लेखी मागा आणि त्याची एक प्रत युनियनच्या कचेरीत द्या.