ओटीपी बापाच्या मोबाईलवर, बापानंतर काय?

मुलगा पंचेचाळिशीचा, बौद्धिक दिव्यांग. आई-बाप सत्तरीत. अशी घरं गावोगावी आहेत. या घरांसाठी सरकारी आरोग्यसेवा मोबाईलवर आली, पण मोबाईल आहे बापाचा.

ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. १४ अंकी 'आभा' क्रमांकाला तपासणीचे कागद जोडता येतात. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचा अर्जही ऑनलाईनच. सोय चांगली, मात्र कुलूप ओटीपीचं. उद्या बाप गेला, सिम बंद पडलं, तर भावा-बहिणीला हेलपाटे ठरलेले. म्हणून जवळच्या माणसाचा नंबर आजच जोडून घ्यावा, कागदांच्या प्रती घरात ठेवाव्यात.

दुसरी अडचण दुखण्याची. कुठं दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला व्हिडिओ कॉलवर डॉक्टर काय विचारणार? जेवण कमी झालं, रात्रभर झोप नाही, हे सोबतच्या माणसालाच ठाऊक असतं. त्यापेक्षा आरोग्य उपकेंद्रात नेलेलं बरं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर तपासून मग डॉक्टरांशी ऑनलाईन जोडून देतात.

तिसरी गोष्ट कायद्याची. वयाची १८ वर्षं झाली की आई-बापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे.

ॲप कितीही आली तरी सांभाळणारा माणूस कोण, हे घरानेच ठरवायचं आहे. तेही आई-बाप हिंडते-फिरते आहेत तोवर.