तटबंदीतील निखळलेला चिरा

मोहावर विजय मिळविण्याचे संकल्प बहुधा भव्य असतात आणि म्हणूनच ते अल्पायुषी ठरतात. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेणारा ख्रिस्ती भाविक असो की चातुर्मासाचा नेम धरणारा हिंदू गृहस्थ असो, यापुढे सर्व दुर्गुणांचा त्याग करावयाचा असा पण तो करतो आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच पहिले पाढे पंचावन्न होतात. दोष इच्छाशक्तीला दिला जातो. परंतु सर्व दुर्गुणांशी एकाच वेळी लढावयास निघालेला मनुष्य पुष्कळदा आपल्या एका विशिष्ट दुर्गुणाकडे पाहण्याचे टाळीत असतो, ही गोष्ट मात्र नजरेआड होते. कॅथलिक साधनापरंपरेत हे मर्म ज्याने नेमके ओळखले तो मठात वाढलेला विरक्त नव्हता, तर हाडाचा लढवय्या होता.

स्पेनमधील बास्क प्रांतातील लोयोला येथे १४९१ साली जन्मलेला इग्नेशियस २० मे १५२१ रोजी पँप्लोनाचा किल्ला लढविताना तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडून असताना वाचलेल्या ख्रिस्तचरित्राने व संतकथांनी त्याचे आयुष्य पालटले. पुढे त्याने स्थापिलेल्या येशूसंघाला १५४० मध्ये आणि त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची संमती मिळाली. या ग्रंथात मोहाला त्याने किल्ल्याला वेढा देणाऱ्या सेनापतीची उपमा दिली आहे. हा सेनापती प्रथम किल्ल्याभोवती फिरून पाहणी करतो आणि तट जेथे दुबळा दिसेल तेथेच हल्ला चढवितो. मराठी वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. १६७० साली कोंढाणा पडला तो दरवाजाकडून नव्हे, तर कोणी चढून येणार नाही अशा समजुतीने ढिलाईने राखलेल्या कड्याकडून. ज्या बाजूची धास्ती वाटते तिथे पहारे बसतात. ज्या बाजूविषयी मनुष्य निर्धास्त असतो तीच त्याची खरी दुबळी बाजू.

इग्नेशियसची स्वतःची दुबळी बाजू कोणती होती? देहसौंदर्याचा आणि लौकिकाचा मोह. मोडलेला पाय जुळून आला, पण एक हाड पुढे आलेले राहिले. त्यावर तंग बूट शोभणार नाही, एवढ्याच कारणासाठी त्याने ते हाड करवतीने कापवून घेतले. त्या काळी भुलीचे औषध नव्हते. पुढे मॅनरेसा येथे तपश्चर्या करू लागल्यावर, पूर्वी ज्या केसांची त्याला ऐट होती ते त्याने विंचरण्याचे सोडले, नखेही वाढू दिली. दोषाच्या नेमके उलट दिशेने चालावयाचे, हा पुढे येशूसंघाच्या साधनेत रूढ झालेला मार्ग त्याने प्रथम स्वतःवर अजमावला. मात्र मन स्थिर झाल्यावर त्याने केस आणि नखे पुन्हा कापली. उपाय हा उपायच असतो. तोच ध्येय होऊन बसला तर त्याचीही ऐट होते, हे त्याला उमगले होते.

या अनुभवातून त्याने जी पद्धत सिद्ध केली ती कारकुनाच्या खतावणीसारखी रोखठोक आहे. साधकाने एकच दोष निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन, जितक्या वेळा चूक घडली तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघांवर मांडावेत. दुपारची रेघ वेगळी, रात्रीची वेगळी. चूक घडताच छातीवर हात ठेवून खेद व्यक्त करावा. हे चारचौघांतही कोणाच्या ध्यानात न येता करता येते. मग रात्रीच्या रेघेची दुपारच्या रेघेशी, आजची कालशी, या आठवड्याची मागील आठवड्याशी तुलना करावी. यात दिव्य दृष्टांत नाही, अश्रूंचा पूर नाही. आहे तो केवळ हिशेब. ‘मी फार पापी आहे’ असे म्हणणे सोपे असते, कारण त्या विधानाने कोणताच विशिष्ट अपराध पदरात पडत नाही. ‘आज दुपारपर्यंत तीन वेळा खोटे बोललो’ हे म्हणणे कठीण. परंतु सुधारणेला प्रारंभ होतो तो तेथूनच.

दुबळी बाजू बळकट करणे म्हणजे तिच्यावर मुद्दाम आघात ओढवून घेणे नव्हे, हेही ही परंपरा बजावते. पापनिवेदन करणाऱ्याने पापाचा प्रसंगही टाळण्याचा निश्चय करावा, असे कॅथलिक शिकवण सांगते. दारूची ओढ असणाऱ्याने गुत्त्यात बसून संयमाची परीक्षा पाहू नये, घराची वाट बदलावी. मोहाशी दोन हात करण्यात जो पुरुषार्थ वाटतो, त्यात अनेकदा मोहाच्या जवळ जाण्याचा बहाणाच दडलेला असतो.

ही नाणी एका परक्या टांकसाळीतील आहेत, असे मानण्याचे कारण नाही. याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापून प्रसिद्ध झाले. षड्रिपूंची कल्पना पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या समाजाला मनातील शत्रूची भाषा अपरिचित असण्याचा प्रश्नच नव्हता. इग्नेशियसचा विशेष एवढाच की, सहा शत्रूंपैकी आज दारात कोण उभा आहे, हे तो रोज विचारावयास लावतो.

आक्षेप असा घेतला जातो की, अशा हिशेबाने मन रोगट होते. आक्षेप निराधार नाही. स्वतः इग्नेशियस मॅनरेसात या व्याधीने पछाडला होता. सांगितलेली पापे तो पुन्हा पुन्हा सांगे, तरी समाधान होत नसे; जीव देण्याचे विचारही त्याच्या मनात येऊन गेले. अखेरीस जुनी पापे पुन्हा उगाळावयाची नाहीत, असा निर्धार त्याने केला आणि त्या यातनेतून तो सुटला. वही दोष मोजण्यासाठी आहे, स्वतःला फटके मारण्यासाठी नाही. जखम स्वच्छ करणे वेगळे आणि ती सतत कुरतडीत बसणे वेगळे.

त्याचा आणखी एक नियम मात्र व्यक्तीपुरता राहत नाही. मोह हा फसव्या प्रियकरासारखा असतो, त्याला सर्वाधिक भय वाटते ते गुपित फुटण्याचे. म्हणून मनातील ओढ सुज्ञ पापनिवेदकाला किंवा अध्यात्मातील दुसऱ्या जाणत्या माणसाला सांगून टाकावी. सांगताक्षणी तिचे निम्मे बळ सरते. हा नियम साडेचारशे वर्षे शिकविणाऱ्या चर्चनेच तो स्वतःच्या घराला लावला नाही, ही त्याची शोकांतिका होय. बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना पाठीशी घालून एका धर्मग्रामातून दुसरीकडे हलविले गेल्याचे बॉस्टनमधील प्रकरण २००२ साली उजेडात आले. अमेरिकेतील बिशपांनीच करविलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाल्याचे नमूद झाले. अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळविणे धर्मगुरूंवर बंधनकारक करणारा आदेश निघावयास मे २०१९ उजाडले. तो काढणारे पोप फ्रान्सिस हे येशूसंघीच होते. पापनिवेदनातील गोपनीयता पश्चात्तापी माणसाला सत्य बोलता यावे म्हणून असते. संस्थेच्या अब्रूसाठी केलेली लपवाछपवी सत्य बोलू इच्छिणाऱ्याचे तोंड बंद करते. पहिलीचे पांघरूण दुसरीवर घालणे हाच मुळी मोठा मोह होता, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

यातून निघणारा बोध कॅथलिकांपुरता नाही. टेबलाखालून पुढे आलेले पहिले पाकीट, आवडत्या विद्यार्थ्याला वाढवून दिलेले दोन गुण, परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावर टाकलेली एक नजर, या गोष्टी घडतात तेव्हा त्यांचा गाजावाजा होत नाही. त्या निखळलेल्या एका चिऱ्यातून आत येतात आणि त्या चिऱ्याची जागा ज्याची त्याला ठाऊक असते. ती इतरांपासून लपविण्यात जेवढी शक्ती खर्ची पडते, तिच्या निम्म्याने तो चिरा पुन्हा बसविता येतो. त्यासाठी संतपद लागत नाही. एक वही, एक विश्वासाचा माणूस आणि रोजची पाच मिनिटे पुरतात.