टेक्निशियन मिळत नाहीत, की टिकू दिले जात नाहीत?

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, वाढवण बंदराचे काम हाती घेतले आहे. राज्यात एवढे काँक्रीट ओतले जात असताना ते तपासणाऱ्या प्रयोगशाळांची तक्रार मात्र एकच असते : कुशल टेक्निशियन मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत. दुसरीकडे सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसलेली मुले मला आपल्या वस्त्यांमध्ये भेटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

आधी काम समजून घेऊ. साइटवरचे काँक्रीट १५० मिलिमीटरच्या साच्यात भरतात. एका नमुन्याचे तीन क्यूब. ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. क्यूब किती भाराला फुटला, ती नोंद म्हणजे त्या पुलाची ग्वाही. काँक्रीट नीट ठासले नाही, टाकीचे पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवले नाही किंवा भार घाईने वाढवला, तर आकडा चुकतो. हा हात पुस्तक वाचून बसत नाही. जाणत्या माणसाजवळ वर्ष-दोन वर्षे राहावे लागते.

नेमकी हीच वर्षे आपल्या मुलांना मिळत नाहीत. भरती मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, करार अकरा महिन्यांचा. प्रकल्प संपला की साइटची लॅब उठते आणि मुलगा घरी येतो. मध्यरात्री काँक्रीट आले तरी हजर राहायचे, पण अनुभवाचा दाखला मागितला तर टाळाटाळ. अशा मुलाला दुसरीकडे थोडा जास्त पगार मिळाला की तो जाणारच. त्याला बेभरवशाचा ठरवणे सोपे आहे.

प्रश्न फक्त पगाराचाही नाही. विहारात एका मुलाने मला विचारले, "ताई, क्यूब नापास झाला तर मी नापास लिहीन, पण उद्या माझं काम गेलं तर?" त्याला 'आकडा जरा बघून घे' असे सांगण्यात आले होते. पंचशीलातले चौथे शील त्याला पाठ आहे. पण शील पाळण्याची सगळी किंमत एकट्या कंत्राटी मुलाने का मोजायची? प्रयोगशाळांच्या मान्यतेचे आयएसओ १७०२५ हे मानक व्यापारी दबाव चालणार नाही असे सांगते. ज्याची नोकरीच ठेकेदाराच्या मर्जीवर, तो दबाव झुगारणार कसा?

छोट्या लॅबचालकांची बाजूही आहे. सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत चाचणीचे दर पडतात, बिले थकतात. म्हणून मागणी सरकारी खात्यांकडे करायला हवी : चाचणीचे पैसे बांधकाम ठेकेदारामार्फत नव्हे, खात्याने थेट लॅबला द्यावेत आणि टेक्निशियनचा किमान पगार निविदेतच लिहावा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. तांत्रिक प्रशिक्षण आणि सेवायोजन कार्यालये ही दोन्ही कामे तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होती. शिकवणे आणि शिकलेल्याला काम मिळवून देणे एकाच हाती होते. आज आपण प्रशिक्षणाच्या बॅचेस मोजतो. तीन वर्षांनी त्यातले किती टिकले, हे कोणी विचारत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्या कामगारहिताबद्दल मतभेद आहेत, असावेतच. पण नियुक्तीपत्र बंधनकारक झाले आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. कार्यकर्त्यांनी इथून सुरुवात करावी. आपल्या वस्तीतले किती जण लॅबमध्ये आहेत, त्यांची यादी करा. प्रत्येकाकडे नियुक्तीपत्र आहे का, ते पाहा. जुन्या टेक्निशियनला रविवारी विहारात बोलवून नव्या मुलांसमोर बसवा. आणि एखाद्याने 'नापास' लिहिले म्हणून त्याचे काम गेले, तर त्या दिवशी तो एकटा पडणार नाही, एवढे बघा.