स्टिअरिंग 'टक' म्हणतंय?

सेकंडहँड गाडी बघायला गेलो की मित्र म्युझिक सिस्टिम चेक करतात, मी आधी स्टिअरिंग हलवून बघतो. हसू दे! तुमचे हात आणि पुढची चाकं यांच्यातला दुवा म्हणजे स्टिअरिंग शाफ्ट. तोच ढिला, तर हातातलं चाक नुसतं शोभेचं.

चेकिंग दोघांचं काम. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक सोडलेलं. एकाने स्टिअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन पेडलच्या वर, शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटकडे बघायचं. जॉइंटची वरची बाजू हलली आणि खालची किंचित उशिरा, तर समजा जॉइंट झिजलाय. गंज, फाटलेलं रबर, सैल बोल्ट हेही बघा. जॉइंट ठीक आणि तरी 'टक' येतोय? मग टाय रॉडकडे संशय वळवा.

फक्त स्वतः पाना घेऊन बोल्ट उघडू नका, बॉस! शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग गरगर फिरलं, तर एअरबॅगची केबल तुटू शकते. ते काम मेकॅनिकचं.

एवढे ईएमआय भरतोच आपण, त्यात ही दहा मिनिटं काय जड आहेत?