गल्ला उरला, नाटक गेलं

जुनं नाटक पुन्हा रंगमंचावर आलं की जाहिरातीत आणि परीक्षणात एक वाक्य ठरलेलं असतं : काळाच्या कसोटीवर उतरलेली कलाकृती. वाक्य भारदस्त आहे, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. पण काळ नावाचा कुणी निःपक्षपाती परीक्षक आहे, सगळी नाटकं त्याच्यापुढे हजर होतात आणि तो चांगली तेवढी ठेवून बाकीची निकालात काढतो, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ते किती पोकळ आहे हे पाहायचं तर चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या एका नाट्यगृहमालकाची हिशेबाची वही उघडावी.

त्या मालकाचं नाव फिलिप हेन्स्लो. मूळचा धंदा कापड रंगवण्याचा. पुढे घरभाडी, सावकारी, वस्तू गहाण ठेवून घेणं, अस्वलांच्या झुंजी असे पैशाचे सगळे मार्ग त्याने धुंडाळले. १५८७ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर त्याने भागीदारीत 'रोझ' हे नाट्यगृह उभारलं, आणि १५९२ पासून तिथल्या खेळांचा हिशेब लिहायला घेतला. वहीसुद्धा नवी नाही. भावाने ससेक्समधल्या आपल्या कारभारासाठी आधी वापरलेली. तिच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर हेन्स्लोने एकेका खेळाला एकेक ओळ दिली : तारीख, नाटकाचं नाव आणि आलेले पैसे. शुद्धलेखन इतकं मनमानी की एकच नाव दोन ओळींत दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. नाटक बरं झालं की वाईट, नट कसे होते, लोक हसले की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. लेखकाचं नावही त्या ओळीत येत नाही. पैसे मात्र शिलिंग-पेन्ससकट येतात. आज हीच वही इंग्रजी रंगभूमीच्या अभ्यासाचा पाया मानली जाते.

या वहीत १५९४ च्या डिसेंबरात 'द वाइज मॅन ऑफ वेस्ट चेस्टर' हे नाटक पहिल्यांदा दिसतं. लॉर्ड अ‍ॅडमिरलच्या आश्रयाखालची मंडळी तेव्हा 'रोझ'वर खेळत होती आणि एडवर्ड अ‍ॅलन हा त्यांचा बिनीचा नट होता. 'वाइज मॅन' म्हणजे त्या काळच्या बोलीत मंत्रतंत्र जाणणारा, आपल्याकडे ज्याला जाणता किंवा देवऋषी म्हणतात तसा. त्यावरून ही चेटकाची, फजितीची विनोदी गोष्ट असावी असा तर्क आहे. डिसेंबर १५९४ ते जुलै १५९७ या काळात या नाटकाचे ३२ प्रयोग वहीत नोंदलेले आहेत. त्या मंडळीच्या दुसऱ्या कुठल्याही नाटकाचे त्या काळात एवढे प्रयोग झाले नाहीत. अ‍ॅलन ज्यात गाजला ते नाटककार मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस'सुद्धा मागे पडलं.

३२ हा आकडा आज कुणाला मोठा वाटणार नाही. आपल्याकडे हजार प्रयोगांच्या जाहिराती लागतात. पण 'रोझ'वर एकच नाटक लागोपाठ लावायची पद्धत नव्हती. आठवड्याला सहा दिवस खेळ आणि सहाही दिवस बहुधा वेगळं नाटक. १५९४-९५ च्या एका हंगामात या मंडळीने ३८ नाटकं केली, त्यांतली २१ कोरी करकरीत. म्हणजे साधारण दर पंधरवड्याला नवी संहिता पाठ करायची आणि जुन्या डझनभर डोक्यात वागवायच्या. नव्या नाटकाला पहिल्या दिवशी गर्दी होई. मग ते आठवड्याने लागे, पुढे महिन्याने, आणि आकडा घसरला की गुंडाळलं जाई. बरीच नाटकं दहा-बारा प्रयोगांतच आटोपत. अशा चरकातून एक नाटक अडीच वर्षांहून जास्त चालत राहिलं, याचा अर्थ लोक ते पुन्हा पुन्हा मागत होते.

हेन्स्लोचे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. त्याने लिहिलेली रक्कम ही सगळी जमा नसून मालक म्हणून त्याचा वाटा आहे, बहुधा सज्ज्यांतल्या वसुलीचा अर्धा हिस्सा, असं अभ्यासक मानतात. खालच्या उघड्या अंगणात उभं राहून खेळ पाहायला एक पेनी पडे, सज्ज्यात बसायला आणखी एक. तिकीट नावाची चीज नव्हती. दारातला वसुलीदार हातात चिरेचं भांडं धरून उभा असे आणि येणारा त्यात नाणं टाके. १९८९ मध्ये 'रोझ'चा पाया उकरला गेला तेव्हा अशा भांड्यांची खापरं हाती आली. हिरव्या झिलईची, मुठीएवढी, वर नाण्यापुरती चीर असलेली, आपल्या जत्रेत मिळतो तसा मातीचा गल्लाच. पैसे काढायचे तर तो फोडावा लागे, म्हणजे मधल्या मधे हात मारायची सोय नाही. हेन्स्लोच्या वहीतला खेळांच्या जमेचा प्रत्येक आकडा असा फोडलेल्या मडक्यांतून आलेला आहे. समीक्षकाचं मत विकत घेता येतं. असा फोडून मोजलेला गल्ला सहसा खोटं बोलत नाही.

एवढं चाललेलं नाटक आज कुठे आहे? कुठेच नाही. त्याची छापील प्रत नाही, लेखकाचं नाव माहीत नाही, एकही संवाद उरलेला नाही. १९ सप्टेंबर १६०१ ला मंडळीने त्याची संहिता अ‍ॅलनकडून ४० शिलिंगांना विकत घेतली, अशी नोंद आहे. म्हणजे शुभारंभाला सात वर्षं होत आली तरी तिच्यावर दोन पौंड खर्च करावेत असं व्यवहारी माणसांना वाटत होतं. नव्या नाटकाला तेव्हा सहा पौंडांच्या आसपास पडत. या नोंदीनंतर नाटक अंधारात जातं. मंडळी तोवर 'फॉर्च्यून' या नव्या नाट्यगृहात गेली होती. ९ डिसेंबर १६२१ च्या रात्री ते नाट्यगृह दोन तासांत जळून खाक झालं. मंडळीच्या वारसांचे सगळे पोशाख आणि सगळ्या संहिता त्यात गेल्या, असं एका समकालीन पत्रात नमूद आहे. चेस्टरच्या जाणत्याची संहिता त्यांत होती की नाही कोण सांगणार? पण त्या मंडळीची बरीच मिळकत त्या एका रात्रीत राख झाली, एवढं खरं.

अँथनी मंडे या नाटककाराच्या हस्ताक्षरातलं एक नाटक शिल्लक आहे. त्यात दोन मांत्रिकांची जुगलबंदी आहे, आणि घटनाही चेस्टरच्या परिसरातल्या. तेच हे नाटक, नुसतं नाव वेगळं, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यातल्या एका मांत्रिकाचं नाव जॉन अ केंट, आणि मंडळीच्या १५९८ च्या सामानाच्या यादीत 'केंटचा लाकडी पाय' अशी एक नोंद आहे. पुरावा जुळला असं म्हणावं, तर त्या हस्तलिखितात लाकडी पायाचा प्रसंगच नाही; शिवाय त्यावरच्या तारखेच्या वाचनावरून वाद आहे तो वेगळाच. लाकडी पाय जमेला धरला गेला आणि तो ज्या प्रसंगात वापरला तो प्रसंग हरवला, यातच त्या काळची सगळी रीत आली. पोशाख, पडदे, लाकडी पाय ही मालमत्ता होती. संहिताही मालमत्ताच, पण चालू असेपर्यंत.

आता दुसऱ्या बाजूची एक नोंद पाहा. जून १५९४ मध्ये न्यूइंग्टन इथे 'द टेमिंग ऑफ अ श्रू' हा विनोदी खेळ झाला. हेन्स्लोच्या वहीत त्याची रक्कम आहे ९ शिलिंग. 'रोझ'वरच्या बऱ्या दिवशी पौंडांत आकडे लागत, त्या मानाने हा जवळजवळ रिकामा मांडव. पण हे नाटक त्याच वर्षी छापून निघालं होतं. प्लेगमुळे दोन वर्षं नाट्यगृहं बहुतेक काळ बंद राहिली, आणि १५९४ मध्ये लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांकडे नाटकांचा अचानक सुकाळ झाला. त्या लाटेत ते तरलं. म्हणून नऊ शिलिंगांचं नाटक आज कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात वाचायला मिळतं, आणि ३२ प्रयोगांचं नाटक मिळत नाही. यात काळाने कुठल्या गुणांची पारख केली?

शेक्सपिअरचं याच कथेवरचं 'द टेमिंग ऑफ द श्रू' तर आणखी थोडक्यात बचावलं. त्याच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याचे दोन सहकारी नट जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल यांनी त्याची ३६ नाटकं एका जाड ग्रंथात छापवून घेतली. त्यांतली १८ तोवर कुठेही छापलेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ट्वेल्थ नाइट', 'अ‍ॅज यू लाइक इट', 'द टेम्पेस्ट' ही सगळी त्या अठरांतली. दोन नटांनी एवढी खटपट केली नसती तर वासुदेव बाळकृष्ण केळकरांना 'त्राटिका' लिहायला मूळ नाटक मिळालं नसतं, आणि आपल्या रंगभूमीचं एक गाजलेलं नाटक जन्मालाच आलं नसतं.

छापलं म्हणजे झालं, असंही नाही. शेक्सपिअरच्याच नावावर 'लव्ह्ज लेबर्स वन' हे एक सुखान्त नाटक १५९८ च्या एका यादीत आहे. असं वेगळं नाटक खरंच होतं की नाही, याबद्दल शंका होती. १९५३ मध्ये एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत आत चिकटवलेली पानं सापडली. ती निघाली १६०३ च्या एका पुस्तकविक्रेत्याच्या मालाच्या नोंदीची, आणि त्यात हे नाव होतं. म्हणजे ते छापून दुकानात विकायला होतं. तरीही त्याची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. शेक्सपिअरचं नाव, छापखाना आणि दुकान, तिन्ही असून नाटक गेलं.

एकूण हिशेब असा : १५६७ ते १६४२ या काळात लंडनच्या धंदेवाईक रंगभूमीसाठी सुमारे ३००० नाटकं लिहिली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली पाचशे-साडेपाचशे हाती आहेत. आणखी सातशेहून जास्त नाटकांची नुसती नावं किंवा तुकडे उरले आहेत. बाकीच्यांचं नावही नाही. सहांतली पाच नाटकं जिथे परीक्षेला बसलीच नाहीत, तिथे उरलेलं एक 'काळाच्या कसोटीवर उतरलं' म्हणणं म्हणजे आगीतून वाचलेल्या पेटीला आतल्या मालाबद्दल प्रशस्तिपत्र देणं आहे.

याचा अर्थ चेस्टरचा जाणता 'मॅकबेथ'च्या तोडीचा होता असा मुळीच नाही. कदाचित तो अगदी भडक, आरडाओरड्याचा खेळ असेल. तसा असला तर वाचून तसं म्हणता आलं असतं. ते म्हणायची सोय राहिली नाही, हीच खरी तक्रार. आपल्याकडेही 'गल्लाभरू' हा शब्द नाक मुरडत वापरणारे आहेत आणि गल्ल्याचे आकडे नाचवून सगळ्या टीकेची तोंडं बंद करणारेही आहेत. हेन्स्लोची वही दोघांनाही अडचणीत आणते. नाक मुरडणाऱ्यांना ती सांगते की अडीच वर्षं लोक उगीच पेनी टाकत नसतात; त्यांना तिथे काय मिळत होतं हे शोधणं तुमचं काम आहे. आकडे नाचवणाऱ्यांना ती सांगते की माणसं आली एवढंच या आकड्यावरून कळतं. ती कशासाठी आली, हे नाटक समोर असल्याशिवाय कळायचं नाही.

तेव्हा 'काळाची कसोटी' हा शब्दप्रयोग नाट्यपरीक्षणातून काही वर्षं रजेवर पाठवावा. नाटकं काळ टिकवत नाही. कुणीतरी नट, कुणीतरी छापखानदार, कुणीतरी ग्रंथपाल ती टिकवतो, आणि त्यांचं लक्ष नसलं की चांगली-वाईट सगळी सारख्याच बेदरकारीने जातात. आपल्याकडे आज ज्यांच्या नाटकाच्या दारावर हाऊसफुल्लचा फलक आहे, त्यांना एवढंच सांगणं : रोजच्या बुकिंगचा आकडा तुम्ही न चुकता लिहिताच. आता संहिताही छापा, आणि तिच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या गावांतल्या ग्रंथालयांत ठेवा. चालत्या नाटकाच्या एका प्रयोगाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.