थोड्या उजेडाची भीड

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी सोयगावात अजून माझ्याकडे कर्जाचा सल्ला विचारायला माणसे येतात. कादंबरीबद्दल विचारायला कोणी येत नाही, त्याचेही आता वाईट वाटत नाही! मध्यंतरी असाच एक तरुण आला. फर्दापूरचा. अजिंठ्याला येणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढता काढता लग्नाचे फोटो काढू लागलेला, हाताने मेहनती आणि डोळ्याने हुशार.

"साहेब, दोन लाखांचं कर्ज मिळंल का?"

"कशासाठी?"

"लेन्स घ्यायची. चर्चमधल्या लग्नाची ऑर्डर आलीय. आत लई अंधार हाये म्हणे."

त्याच्या मनात सत्तर ते दोनशे मिलिमीटरची, २.८ छिद्राची मोठी झूम होती. लेन्स उत्तम, यात वाद नाही. वजन दीड किलोच्या आसपास आणि हातात घेतली की माणूस एकदम मोठा छायाचित्रकार दिसतो. मी त्याला म्हटले, बस. कर्जाचे नंतर बघू, आधी माझी एक गोष्ट ऐक.

१९९२ साल. मी तेव्हा शाखेत अधिकारी होतो आणि माझ्यापाशी रशियन बनावटीचा झेनिट कॅमेरा होता. त्याच्यासोबत अठ्ठावन्न मिलिमीटरची, दोन छिद्राची हेलिओस लेन्स आलेली. आमचे हेडकॅशिअर नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. त्यांच्या मुलीचे लग्न गावाकडच्या जुन्या दगडी देवळात होते. (आपल्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो.) ते संकोचत म्हणाले, "साहेब, फोटो तुम्हीच काढा." मी मोठ्या ऐटीत होकार दिला आणि प्रसंगाला शोभावी म्हणून एका मित्राकडून लांबलचक झूम लेन्स मागून घेतली. माझी साधी हेलिओस घरी कपाटात राहिली.

आत गेलो तर बाहेरच्या उन्हाने डोळ्यांपुढे काळोख. उंच लाकडी छत, वेदीवर मेणबत्त्या, एका बाजूच्या उंच खिडकीतून येणारा तिरपा उजेड. मी फ्लॅश उडवायला सुरुवात केली. आणाभाकांची वेळ आली तेव्हा पाळकांनी अगदी शांतपणे हात वर करून मला थांबवले. सगळी मंडळी माझ्याकडे पाहू लागली. मग फ्लॅश बंद करून त्या झूमने जे काढले ते सगळे हलले. जे फ्लॅशने आले त्यांत चेहरे पिठासारखे पांढरे आणि मागे भिंत काजळी. ती खिडकी, त्या मेणबत्त्या, मुलीचा हात धरून चालत येणारा बाप, यांतले काही म्हणजे काही आले नाही.

हेडकॅशिअर एका शब्दानेही बोलले नाहीत. अल्बम पाहून "छान आलेत" म्हणाले. रोज नोटांच्या गड्ड्या मोजणाऱ्या त्या माणसाने अल्बमची पाने मात्र फार भराभर उलटली. पुढे ते वारले. ती चूक दुरुस्त करायची संधी मला मिळाली नाही.

म्हणून आता हिशेब सांगतो. छिद्राचे आकडे उलटे चालतात. आकडा लहान, तर छिद्र मोठे आणि उजेड जास्त; तोही वर्गाच्या प्रमाणात. या मुलाच्या कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा-पंचावन्नची लेन्स लांब टोकाला ५.६ छिद्रावर थांबते. पन्नास मिलिमीटरची साधी, हलकी लेन्स १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा, साडेनऊ पटींहून जास्त उजेड! म्हणजे जिथे मोठ्या आकड्याला सेकंदाचा दहावा भाग लागेल आणि चालणारी नवरी पुसट होईल, तिथे छोट्या लेन्सला जवळपास शंभरावा भाग पुरतो. दोन लाखांच्या त्या झूमचे छिद्रही २.८. म्हणजे पन्नासच्या लेन्सपेक्षा उजेड निम्म्याहून कमीच. आणि ही पन्नासची लेन्स दहा-बारा हजारांत येते. व्याज लावून पाहायची गरजच नाही.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. १.८ वर स्पष्टतेची पट्टी फार अरुंद होते. नवरा स्पष्ट आला तर नवरी धूसर. म्हणून दोघे आपल्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा धरावी, नाहीतर छिद्र थोडे मिटवून आयएसओ वाढवावा. ३२०० किंवा ६४०० वर चित्रात थोडे दाणे दिसतील. दिसू द्यावेत. दाणेदार फोटो पुढे नातवंडे पाहतात, हललेला फोटो कोणी पाहत नाही. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. आवाज न करणारे शटर वापरले तर चित्रावर पट्टे उमटू शकतात. तेव्हा शंभरावा किंवा पन्नासावा भाग धरणे बरे. मेणबत्ती, ट्यूब आणि खिडकी यांचे रंग तीन तऱ्हांचे, म्हणून फोटो कच्च्या म्हणजे रॉ स्वरूपात ठेवावेत. लांबून घ्यायचेच असेल तर मोठी झूम दोन दिवसांपुरती भाड्याने आणावी. विकत घ्यायची ती वर्षाला दहा ऑर्डरी तिच्यामुळे येऊ लागल्यावर. हा सल्ला छायाचित्रकाराचा नव्हे, बँकवाल्याचा आहे.

एवढे सांगूनही पोराचा चेहरा पडलेलाच. म्हणून त्याला घेऊन लेण्यांत गेलो. अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात. नाव गाजले अजिंठा गावाचे, आणि ते आहे सिल्लोड तालुक्यात! असो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर त्याला उभे केले. तिथे फ्लॅशला बंदी आणि तिवई न्यायची तर परवानगी लागते. मंद दिवे, गर्दी, अन् मिनिटभर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग हळूहळू भुवया दिसतात, हातातले कमळ दिसते. "चर्चची तालीम इथंच कर," मी म्हटले.

मेजर रॉबर्ट गिल या लेण्यांच्या नकला करायला १८४० च्या दशकात इथे आले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी तैलचित्रे केली. त्यांतली बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. पण त्या काळच्या ओल्या काचेला निळाच रंग नीट कळे, गेरूचे लाल-पिवळे काळपट उतरत. भिंतीवरच्या चित्रांपुढे तो कॅमेरा हतबल होता. अलीकडे बेनॉय बहल यांनी हीच चित्रे अगदी मंद उजेडात, लांब वेळ देऊन टिपली आणि त्यांचे १९९८ चे पुस्तक जगभर पाहिले गेले. उजेड थोडाच होता. त्यांनी त्याला वेळ दिला.

लेण्यांत फ्लॅश नको तो रंगांच्या काळजीने. देवळातल्या भिंतींना तशी भीती नाही. तिथे जपायचे असते ते माणसांचे चित्त. हल्ली आपल्या कुठल्याही लग्नात पाहा. मंगलाष्टके चालू असतात आणि वऱ्हाडाला दिसते ती व्हिडिओवाल्याची पाठ. अंतरपाट दूर होतो तो भटजींच्या नव्हे, फोटोग्राफरच्या खुणेने. हार पुन्हा घालायला लावतात! चर्चमध्ये निदान पाळक थांबवतात. आमच्या मांडवात कोण थांबवणार?

यावर कोणी म्हणेल, पैसे घरचे लोक मोजतात आणि त्यांना लख्ख फोटो हवे असतात. खरे आहे. लग्नविधी आटोपल्यावर कुटुंबाचे फोटो खुशाल फ्लॅशने घ्यावेत. काळ्या लाकडी छतावरून उजेड परतत नाही, म्हणून पांढऱ्या छत्रीवरून टाकावा. कोणी म्हणेल, आता मोबाइलही अंधारात काढतो. काढतो, पण तो बरेच फोटो एकमेकांवर बसवून काढतो, आणि नवरीला तेवढा वेळ पुतळ्यासारखे उभे राहा असे सांगता येत नाही.

पोराने कर्ज घेतले नाही. जुनी पन्नासची लेन्स घेतली, आदल्या दिवशी जाऊन पाळकांना भेटला, कुठे उभे राहायचे ते विचारले आणि लग्नात तिथून हलला नाही. त्यामुळे अंगठीचा एक फोटो हुकला, मधे करवली आली. अल्बम जरा काळपट झाला म्हणून नवरीच्या काकांनी कुरकुर केली, पाचशे रुपयेही कमी दिले.

त्यातला एक फोटो तो मला दाखवायला घेऊन आला. बाप-लेक मधल्या वाटेने चालत येताहेत. खिडकीचा उजेड मुलीच्या गालावर अर्धाच पडलेला. बापाचा चेहरा सावलीत, पण त्याने लेकीचा हात किती घट्ट धरलाय ते स्पष्ट दिसते.

"हा नवरीच्या वडलांनी मोठा करून मागितला," पोरगा म्हणाला.

मी बराच वेळ तो फोटो हातात धरून बसलो होतो. शेवटी त्यानेच विचारले, "साहेब, चांगला आला न्हाई का?"

"चांगला आलाय," मी म्हटले. "याची एक प्रत मलाही दे. पैसे घे."